गटातली एक बाई गाव सोडून गेली. तिचे हप्ते उरलेल्या चौघींनी का भरायचे?

संध्यामठ · सोमवार, रात्री ९.४०

प्रश्न दोन आहेत, पण मुळात भानगड एकच वाटते म्हणून एकाच धाग्यात टाकतोय.

माझी चुलत वहिनी करवीर तालुक्यात राहते. दोन म्हशी, थोडा ऊस, भाऊ एमआयडीसीत कामाला. गल्लीतल्या पाच जणींनी गट करून एका मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज उचललं. प्रत्येकी ५०,००० रुपये, महिन्याला २,६४५ चा हप्ता, असे २४ हप्ते. तेरा हप्ते सगळ्यांचे बिनचूक गेले. मग त्यातली एक नवऱ्यासकट पुण्याकडे निघून गेली, फोन बंद. तिच्यावर अजून दोन कंपन्यांचं कर्ज होतं हे मागाहून कळलं. आता मीटिंगला येणारे साहेब म्हणतात, पाचवीचे पैसे जमल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मागच्या वेळी धारा काढायची वेळ टळून गेली तरी बायका कट्ट्यावर बसून. चौघींनी वर्गणी काढून तिचे दोन हप्ते भरलेत. अजून नऊ राहिलेत.

दुसरा प्रश्न माझा. ऑफिसातला एक जण आमच्या सेवक पतसंस्थेतून ५ लाख काढतोय आणि मला जामीन राहा म्हणतोय. माणूस चांगला आहे. आई म्हणते, "पाहिजे तर उसने दे आणि विसरून जा, पण जामीन राहू नको."

या दोन्ही सह्या कायद्याने सारख्याच का?


मिसळ_कट · सोमवार, रात्री ९.५८

जामीन राहणं म्हणजे लग्नाला चल म्हणून नेतात आणि मांडवात गेल्यावर तुलाच मुंडावळ्या बांधतात. आई बरोबर आहे. पुढचं जाणकार सांगतील, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.


रोखठोक_शाहूपुरी · सोमवार, रात्री १०.१५

कटू वाटेल पण लिहितो. तारण नाही, पगारपत्रक नाही, सातबारा नाही, तरी ५०,००० मिळाले ते कशाच्या जोरावर? एकमेकींच्या जोरावरच ना? पैसे घेताना पाच जणी मिळून टाळ्या वाजवायच्या आणि एक पळाली की "आमचा काय संबंध"? सही केलीय तर भरा. सगळीकडे कर्जमाफी मागायची सवय लागलीय लोकांना.


कोर्टकचेरी · सोमवार, रात्री ११.२०

रोखठोक, "सही केलीय तर भरा" हे निम्मं खरं आहे. कशावर सही केलीय, हा उरलेला निम्मा. धागाकर्त्याने तेच अजून सांगितलेलं नाही.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि अजून तोच चालतो. हमीचा करार म्हणजे काय ते कलम १२६ मध्ये, आणि जामीनदाराची जबाबदारी कलम १२८ मध्ये. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर मूळ कर्जदार जेवढा देणं लागतो तेवढंच जामीनदार लागतो. "आधी त्याच्याकडून वसूल करा, नाही जमलं तर माझ्याकडे या" हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध डॉ. दामोदर प्रसाद या १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते साफ सांगितलंय. देणेकरी सोडून थेट जामीनदाराच्या दारात जायला सावकाराला मुभा आहे. पतसंस्थेच्या बाबतीत संध्यामठ यांच्या आईंना कायदा पाठ आहे असंच म्हणावं लागेल.

मायक्रोफायनान्सचं तसं सरसकट सांगता येत नाही. गटात बसलं म्हणून कुणी आपोआप जामीनदार होत नाही. काही कंपन्या गटाकडून परस्पर हमीचं पान सही करून घेतात, म्हणजे प्रत्येकीने बाकीच्या चौघींसाठी हमी दिली. काही कंपन्यांच्या कागदात प्रत्येकीचं कर्ज स्वतंत्र असतं, गट फक्त मीटिंगपुरता आणि ओळखीपुरता. वसुलीला येणारा माणूस मात्र दोन्हीकडे एकच भाषा बोलतो. म्हणून आधी वहिनींकडून करारनामा आणि लोन कार्ड मागवा, फोटो काढून नावं झाकून इथे टाका. हमीचं पान नसेल तर त्या दोन हप्त्यांनाही कायद्याचा आधार नव्हता.

आणि हमी असली तरी "उठायचं नाही" हे चालत नाही. वसूल करायचा हक्क वेगळा, माणूस अडवून ठेवायचा हक्क कायद्याने कुणालाच दिलेला नाही. भारतीय न्याय संहितेत कलम १२६ आणि १२७ त्यासाठीच आहेत, अन्यायाने अडवणं आणि कोंडून ठेवणं. पोलिसात जा असं लगेच म्हणत नाही. पण बायकांनी उठून घरी जावं, म्हशीची धार काढावी. काही होत नाही.


जुना_फिल्डऑफिसर · मंगळवार, सकाळी ७.०५

मी हीच नोकरी केलीय, दुसऱ्या जिल्ह्यात. आता गडहिंग्लजला स्वतःचं दुकान आहे. पलीकडची बाजू सांगतो, मग शिव्या घाला.

सेंटरला गेलं की आधी हजेरी, मग प्रतिज्ञा, मग पैसे. हातात त्या दिवसाची डिमांड शीट. समजा पाच-सहा गटांचं सेंटर आहे, एवढे हजार यायला पाहिजेत. एक हप्ता जरी कमी पडला तरी ब्रँचला परत जाताना मॅनेजरचा फोन. हप्ता तीस दिवस लटकला की ते कर्ज थकीतच्या खान्यात जातं आणि इन्सेंटिव्ह कापला जातो. ऑफिसरच्या पगाराचा बराच भाग त्यावर. म्हणून तो "एकदाच भरा, पुढच्या महिन्यात ती येईल" म्हणतो. ती येणार नाही हे त्याला तुमच्याआधी माहीत असतं.

गल्लीत आम्ही कधी कायद्याची भाषा केली नाही. गरजच पडत नसे. "तुमच्या सगळ्यांचं पुढचं कर्ज अडकेल" एवढं एक वाक्य पुरतं. बारसं, शाळेची फी, म्हैस, पावसाळ्याआधीचं छप्पर, सगळं पुढच्या कर्जावर ठरवलेलं असतं. वर शेजारणीसमोर मान खाली जाणं नको. हमीचं पान फाईलमध्ये आहे की नाही ते मीसुद्धा कधी उघडून बघितलं नाही.

आणखी एक चाल सांगतो, ती या चौघींबरोबर होऊ शकते. ऑफिसर म्हणतो, "गटाचे पूर्ण आले तरच पैसे घेईन, सुटे घेणार नाही." मग ज्या चौघींनी आपले पैसे आणलेत त्यांचाही हप्ता त्या दिवशी पडत नाही. चूक पाचवीची, थकबाकी पाचही जणींच्या नावावर. बायका घाबरून तिचेही पैसे टाकतात ते यासाठी.

आता बायकांच्या बाजूचंही सांगतो. पळून गेलेल्या पुष्कळ बायका स्वतः पळालेल्या नसतात. गटातल्या एखाद्या चलाख बाईने दुसऱ्यांच्या नावावर कर्ज काढून स्वतः वापरलेलं असतं. "तू फक्त अंगठा दे, हप्ता मी भरते." ते थांबलं की जिच्या नावावर आहे ती मरते. तुमच्या वहिनीने असं कुणाला काढून दिलंय का, तेवढं विचारा.


राधानगरीकर · मंगळवार, दुपारी १.३०

मी उमेद अभियानात, म्हणजे बायकांचे बचत गट बांधणाऱ्या सरकारी अभियानात, समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून काम करते. एक गोंधळ आधी दूर करते, कारण गावात सगळ्यालाच लोक "बचत गट" म्हणतात. वहिनींचा आहे तो बचत गट नाही.

बचत गटात दहा ते वीस जणी असतात. आधी सहा महिने आपापली बचत, त्यातून आपापसात कर्ज, वहीखातं आपल्या हातात, ठराव आपला. मग बँक कर्ज देते ते गटाच्या नावावर, गटाच्या बचत खात्यात. नाबार्डने १९९२ ला ५०० गटांपासून ही जोडणी सुरू केली. गट ठरवतो कुणाला किती द्यायचं. कुणाचा हप्ता चुकला तर आधी तिची बचत आहे, गटाचा व्याजाचा पैसा आहे, दंडाचा नियम आहे. शेजारणीच्या घरात हात घालायची वेळ त्यानंतर येते.

कंपनीच्या गटात यातलं काही नाही. चार-पाच जणी कंपनीने एकत्र बसवलेल्या, प्रत्येकीचं कर्ज वेगळं, बचत शून्य. कर्ज किती द्यायचं ते कंपनी ठरवते. एकीला नको असताना टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज दिलं, दुसरीला तिसऱ्या कंपनीचं आहे हे बघूनही दिलं, तर त्यात बाकीच्या चौघींना कुणी विचारलं? निर्णयात वाटा नाही आणि बुडालं की पूर्ण वाटा. माझा राग यावर आहे. जबाबदारी वाटून घ्यायला बायका कधी मागे नव्हत्या.


रोखठोक_शाहूपुरी · मंगळवार, दुपारी २.१०

ताई, मुद्दा मान्य. पण मग बचत गट असताना बायका कंपनीकडे जातात कशाला?


राधानगरीकर · मंगळवार, दुपारी २.४५

कारण बँकेत कर्जाची फाईल हलायला महिने लागतात आणि कंपनी घरी येऊन आठवड्यात देते. २०१९ च्या पुरानंतर आंबेवाडी-चिखलीकडच्या बायकांना भांडी आणि धान्य त्याच आठवड्यात पाहिजे होतं. आमचं अभियान तेव्हा ठराव आणि फॉर्म भरत होतं. हे मी आमच्याच मीटिंगमध्ये बोलते, इथे लिहायला कसली भीती.


चौथा_कट्टा · मंगळवार, रात्री ८.५०

थोडा इतिहास, कारण "एकमेकांच्या भरवशावर कर्ज" ही कल्पना बांगलादेशातून आली असं बऱ्याच जणांना वाटतं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत राईफायझेन नावाच्या गृहस्थाने खेड्यांत पतसंस्था काढल्या त्या अमर्यादित जबाबदारीच्या होत्या. संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाची मालमत्ता अडकायची. आपल्याकडे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तेव्हा ग्रामीण संस्थांना तेच तत्त्व लावलं होतं. त्याच्या मुळाशी एक अट होती: गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि कुणाला कर्ज द्यायचं ते सभासदच ठरवतात. राधानगरीकरताईंचा मुद्दा नेमका हाच आहे. मायक्रोफायनान्सने जबाबदारी उचलली आणि निर्णय कंपनीच्या ऑफिसात नेला.

मुहम्मद युनूस यांनी १९७६ ला बांगलादेशातल्या जोब्रा गावात सुरुवात केली, त्यांची ग्रामीण बँक १९८३ ला झाली, २००६ ला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. पाच जणींचा गट हे त्यांचंच रूप. गंमत म्हणजे या शतकाच्या सुरुवातीला ग्रामीण बँकेने आपली पद्धत बदलली आणि एकीचं कर्ज दुसरीने फेडण्याची सक्ती आपल्याकडे नाही असं जाहीर धोरण ठेवलं. फिलिपाईन्समध्ये झेवियर जिने आणि डीन कार्लन या अर्थतज्ज्ञांनी एका बँकेच्या काही केंद्रांतून गटाची हमी काढून टाकली, मीटिंग तशीच चालू ठेवली. थकबाकी वाढली नाही. म्हणजे लोक हप्ते भरत होते ते ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर भरायचे म्हणून आणि पुढचं कर्ज पाहिजे म्हणून. शेजारणीला ओलीस ठेवण्याची गरज किती होती याचा विचार करा.

आपल्याकडे २०१० ला आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचावरून आत्महत्यांच्या बातम्या आल्या, ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि तिथली वसुली जवळजवळ ठप्प झाली. मग रिझर्व्ह बँकेची मालेगम समिती, मग २०११ च्या शेवटी अशा कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचा वेगळा वर्ग. आत्ता लागू आहेत त्या १ एप्रिल २०२२ पासूनच्या तरतुदी.


कोर्टकचेरी · मंगळवार, रात्री १०.०५

त्या २०२२ च्या तरतुदी इथे कामाच्या आहेत, म्हणून सांगतो. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. घरावरच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, हे बघणं कर्ज देणाऱ्यावर आहे. वर्षाला ३ लाख धरले तर महिन्याला १२,५०० ही कमाल. त्या गेलेल्या बाईला तीन कंपन्यांनी दिलं तेव्हा ही बेरीज कुणी केली होती का, असा प्रश्न तक्रारीत जरूर विचारा.

वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची. तिथे लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा कर्जदार आला नाही तरच घरी किंवा कामावर जाता येतं. धमकी, शिवीगाळ, सतत फोन, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन, नातेवाईक-मित्र-सहकाऱ्यांना त्रास, कर्जदाराचं नाव जाहीर करणं, हे सगळं मनाई केलेल्या यादीत आहे. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. उशिराचा दंड थकलेल्या रकमेवरच, पूर्ण कर्जावर नाही.

आणि जुना_फिल्डऑफिसर यांनी सांगितलेली "सुटे घेणार नाही" ही चाल. करार कायद्याचं कलम ३८ बघा. देणेकऱ्याने रीतसर पैसे पुढे केले आणि समोरच्याने घेतले नाहीत, तर न भरल्याचा दोष देणेकऱ्यावर येत नाही. पण पुढे केल्याचा पुरावा पाहिजे. म्हणून चौघींनी आपापला हप्ता कंपनीच्या अॅपवरून किंवा बँकेतून स्वतःच्या कर्ज खात्यावर भरावा, मीटिंगच्या दिवशीच. मग साहेब कट्ट्यावर किती वेळ बसतात ते बसू देत.


संध्यामठ · बुधवार, रात्री ९.१५

काल गावी जाऊन आलो. कागद मिळाले. करारनामा मराठीत आहे हे कौतुक, पण अक्षर मुंगीएवढं. प्रत्येकीचं कर्ज वेगळं आहे, नवरा सहकर्जदार. शेवटी एक पान आहे, "गट घोषणापत्र", त्यात पाचही जणींनी "एकमेकींच्या कर्जाच्या परतफेडीची संयुक्त व वैयक्तिक हमी" दिल्याचं लिहिलंय आणि पाच सह्या आहेत. वहिनी म्हणते, सह्या एकाच दिवशी भराभर घेतल्या, पान कुणी वाचून दाखवलं नाही. तिने दुसऱ्या कुणाला कर्ज काढून दिलेलं नाही, ते विचारलं.

म्हणजे आता सुटका नाही?


कोर्टकचेरी · बुधवार, रात्री १०.३०

वाचून दाखवलं नाही एवढ्यावर हमी रद्द होणं अवघड आहे. कंपनीने महत्त्वाची गोष्ट लपवून हमी घेतली असेल तर करार कायद्याचं कलम १४३ आहे. त्या बाईची इतर कर्जं कंपनीला क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसत होती आणि चौघींना सांगितली नाहीत, असा मुद्दा मांडता येईल. पण त्यावर भांडायला चौघींना जेवढा खर्च येईल तेवढ्यात कर्ज फिटेल. मी वकील असून हे सांगतोय, आमच्या सर्किट बेंचच्या गर्दीत अजून एक फाईल नको.

म्हणून हमी आहे असं धरूनच पुढचं बघू. लोक इथे हात टेकतात, पण भरणाऱ्याला हक्क मिळतात ते इथूनच.

कलम १४५: जामीनदाराने योग्य रीतीने जे भरलं ते मूळ कर्जदाराकडून परत मागायचा हक्क. करारात लिहिलेलं नसलं तरी. कलम १४० आणि १४१: पूर्ण भरल्यावर सावकाराचे त्या कर्जदारावरचे हक्क आणि तारण जामीनदाराकडे येतात. इथे तारण नाही, पण कंपनीला तिच्या सहकर्जदार नवऱ्याकडून वसूल करता येतं, आणि तो हक्कही चौघींकडे येतो असं म्हणता येतं. कलम १४६: सह-जामीनदारांनी सारखा वाटा उचलायचा. चौघींपैकी एकीने जास्त भरलं तर बाकीच्या तिघींकडून ती वाटा मागू शकते.

पण हे सगळं कधी कामाला येतं? "मी भरलं" हे दाखवता आलं तर. वहिनींनी वर्गणी काढून भरलेल्या दोन हप्त्यांची पावती कुणाच्या नावाची आहे?


संध्यामठ · बुधवार, रात्री १०.४५

त्या गेलेल्या बाईच्या नावाची. तिच्याच लोन कार्डावर सही झालीय.


कोर्टकचेरी · बुधवार, रात्री ११.१०

तेच. कंपनीच्या दप्तरात ती बाई पुण्यात बसून नियमित हप्ते भरतेय. उद्या चौघींनी तिला गाठून पैसे मागितले तर ती म्हणेल, मीच भरले. ५,२९० रुपये गेले आणि त्यांचा माग नाही.

यापुढे तिच्यासाठी एक रुपयाही रोख द्यायचा नाही. द्यायचाच तर हमीदार म्हणून, भरणारीच्या खात्यातून, आणि कंपनीकडून तिच्या नावाची पोच घेऊन: "अमुक कर्जदाराच्या कर्जापोटी हमीदार अमुक यांच्याकडून प्राप्त." देत नसतील तर तसं पत्र ब्रँचला द्या, पोच घ्या. मागच्या दोन हप्त्यांबद्दलही त्याच पत्रात लिहा, चौघींच्या सह्यांनी, तारखांसकट.

दुसरं, हप्ता-हप्ता भरण्यात तोटा आहे. नऊ हप्त्यांचे होतात २३,८०५. तुम्ही दिलेल्या हप्त्यावरून व्याज वर्षाला साधारण २४ टक्के घटत्या शिल्लकीवर दिसतंय. त्या हिशेबाने आज मुद्दल शिल्लक २१,६०० च्या आसपास असेल. मुदतीआधी बंद करायला दंड नाही. चौघींना झेपत असेल तर खातं बंद करण्याचा लेखी आकडा मागवून घ्या, वाटा ५,४०० च्या आसपास येईल. झेपत नसेल तर नका करू. कर्ज काढून कर्ज फेडायला तर मुळीच जाऊ नका.

आणि हे सगळं करण्याआधी कंपनीला लेखी विचारा: कर्जदाराला आणि तिच्या नवऱ्याला गाठायला तुम्ही काय केलंत? कायद्याने त्यांच्यावर बंधन नाही हे मी वर लिहिलंय. तरी विचारा. पुण्यातही त्यांच्या शाखा असतात.


जुना_फिल्डऑफिसर · गुरुवार, सकाळी ६.५०

पत्राचा परिणाम होतो. तोंडी ओरडलेल्या बाईला ऑफिसर ओळखतो, पोच मागणाऱ्या बाईला मॅनेजर ओळखतो. लोन कार्डावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव-नंबर असतो, तिथे फोन करून तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट आहे. १४४४८ वर मराठीतूनही माहिती मिळते.

एक सावधानता. अशा वेळी गावात कुणीतरी येतो, "फॉर्म भरा, पाचशे रुपये द्या, सगळं कर्ज माफ करून देतो." रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या डिसेंबरात अशा कर्जमाफीच्या मोहिमांपासून सावध राहायला सांगितलं होतं. पाचशे जातात आणि थकबाकी तशीच.


खतावणी · गुरुवार, दुपारी १२.२०

संध्यामठ, दुसऱ्या प्रश्नाकडे कुणीच वळलं नाही. मी पतसंस्थेत वसुली विभागात आहे.

आम्ही जामीनदाराला आधी का धरतो सांगू? तो सापडतो म्हणून. कर्जदार नोकरी सोडतो, जामीनदार त्याच टेबलावर असतो. सेवक पतसंस्थेत तर तुम्ही पगारातून कपातीचं संमतिपत्र दिलेलं असतं, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ४९. दावा नाही, तारीख नाही, पगाराच्या स्लिपवर आकडा दिसतो.

कपात जमली नाही तर कलम १०१ चा वसुली दाखला. संस्था निबंधकाकडे अर्ज करते, कर्जदार आणि जामीनदार दोघांना नोटीस जाते. लोक नोटीस घेत नाहीत किंवा तारखेला जात नाहीत आणि घात तिथे होतो. हिशेब चुकलाय, सही माझी नाही, कर्जाच्या अटी बदलल्या, जे काही म्हणणं असेल ते लेखी तिथेच द्यायचं. दाखला निघाल्यावर कलम १५४ खाली पुनरीक्षणाला जायचं तर आधी रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. नंतर जप्ती.

सही करायचीच असेल तर बघायचं काय: दुसरा जामीनदार कोण, आणि कर्जदार त्याला कुठे जामीन आहे का. तू मला, मी तुला अशी साखळी असेल तर एक कडी तुटली की सगळे खाली. कर्जाला विमा आहे का, कारण माणूस गेला तरी जामीन जात नाही. कोरा चेक अजिबात नाही. जामीनदाराने दिलेला चेक वटला नाही तरी चेक बाउन्सच्या फौजदारी केसचं कलम १३८ लागतं, सर्वोच्च न्यायालयाने २००२ ला सांगितलंय. आणि मार्चअखेरीला संस्था कर्ज नवं-जुनं करते तेव्हा तुमची नव्याने सही मागतील. त्या दिवशी "फॉर्मॅलिटी आहे" या शब्दावर विश्वास ठेवू नका, शिल्लक विचारा. न विचारता अटी बदलल्या तर करार कायद्याचं कलम १३३ तुमच्या बाजूने येऊ शकतं, पण बहुतेक बॉंडमध्ये तो हक्क सोडल्याचं आधीच लिहिलेलं असतं.


मिसळ_कट · गुरुवार, दुपारी १२.४०

एवढं वाचल्यावर मी भिशीतूनसुद्धा बाहेर पडायच्या विचारात आहे.


रोखठोक_शाहूपुरी · गुरुवार, दुपारी १.०५

माझं मत बदललं नाही, हमी दिलीय तर भरा. पण पावती त्यांच्या नावाची पाहिजे, आणि अडवून ठेवणं चूक, हे शंभर टक्के मान्य. त्या साहेबांना एकदा तरी "लेखी द्या" म्हणा, गल्लीत.


संध्यामठ · शनिवार, रात्री ८.३०

पत्र दिलं, पोच मिळाली. ब्रँच मॅनेजर स्वतः बोलले, मीटिंगला कुणाला बसवणार नाही म्हणाले. खातं बंद करायचा आकडा सोमवारी देणार आहेत. चौघींपैकी दोघी भरायला तयार आहेत, एक म्हणते मी वाटा देणार नाही, तिची समजूत घालणं चालू आहे. आपापले हप्ते चौघींनी अॅपवरून भरले. वहिनीला फोनवरून भरायला तिच्या मुलीने शिकवलं.

जामिनाचं मित्राला नाही म्हटलं. त्याऐवजी माझ्याकडे होते तेवढे दिले, चिठ्ठीवर. तो जरा नाराज आहे.

शेवटचं विचारतो. मागच्या महिन्यात साहेबांनी सुटे पैसे घेतले नव्हते, त्यामुळे चौघींचा एक हप्ता सहा दिवस उशिरा पडला. वहिनीला उन्हाळ्यात म्हशीसाठी बँकेकडे जायचंय. तिचं नाव खराब झालं असेल का?


खतावणी · शनिवार, रात्री ९.१०

अंदाज करत बसू नका, रिपोर्ट काढा. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मायक्रोफायनान्सवाले सगळ्याच कंपन्यांना माहिती पाठवतात, त्यामुळे एक काढून थांबू नका. त्यात दोन गोष्टी बघा: वहिनींच्या स्वतःच्या खात्यावर उशीर किती दिवसांचा दाखवलाय, आणि त्या गेलेल्या बाईच्या कर्जाला हमीदार म्हणून यांचं नाव लागलंय का. चूक दिसली तर ऑनलाइन तक्रार करा, मीटिंगच्या दिवसाचा पुरावा जोडा. तीस दिवसांत निकाल लावायचा असतो, त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेत जाताना ब्रँचला दिलेल्या पत्राची पोचही बरोबर न्या, शाखाधिकारी विचारेलच.